मागच्या स्प्रिंगा

रबराचा तुकडा होता तो, दोन बोटं जाड, स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये ठोकून बसवलेला आणि वरून तारेने आवळलेला — आणि तारेचा उलटा पीळ पाहिल्याबरोबर गोकुळदासने ओळखलं, हा आपलाच हात. खाणीवर असताना ताडपत्रीच्या दोरीपासून सायलेन्सरच्या तारेपर्यंत सगळ्याला तो असाच डावीकडे पीळ द्यायचा, आणि बरोबरचे ड्रायव्हर चिडवायचे, गोकुळदासची गाठ सोडवायची तर गोकुळदासलाच बोलवा. आता तोच पाठीखाली गोणपाट घालून स्वतःच्या जुन्या मारुतीखाली आडवा पडला होता, नाकावर गंज पडत होता, आणि गाठ काही सुटत नव्हती.

उद्या त्याच्या बायकोला, चंद्रावतीला, बांबोळीच्या इस्पितळातून घरी सोडणार होते. मणक्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते आणि डॉक्टरने निक्षून सांगितलं होतं, येताना गाडीत दणका बसता कामा नये. तिच्या धाकट्या भावाने, प्रवीणने, काल डिचोलीहून फोन करून सगळं ठरवूनच टाकलं होतं — भावजी, माझी गाडी नवीन आहे, उंच आहे, ताईला मी आणतो, तुम्ही आपले मागून स्कूटरवरून या. मागून स्कूटरवरून... सव्वीस वर्षं संसार केलेल्या माणसाने आपल्याच बायकोच्या मागून स्कूटरवरून यायचं. गोकुळदास उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणाला, आणि तडक म्हापशाला जाऊन मागच्या दोन नव्या स्प्रिंगा घेऊन आला. दुकानदाराने विचारलं, कडक देऊ की साध्या? तर 'कडक' हा शब्द त्याच्या तोंडातून निघालाच होता. जीभ चावून त्याने साध्या मागितल्या.

त्याचं काय होतं, डिचोलीच्या खाणींवर अठरा वर्षं खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस तो. तिथे ड्रायव्हरची पारख मागून करत. भरलेला ट्रक चढणीला लागला की टपरीवर चहा पिणारे मान वळवून बघायचे — मागचा भाग बसला असेल तर ड्रायव्हर कच्चा, ताठ असेल तर पक्का. म्हणून जो तो मागच्या स्प्रिंगेत जास्तीचा पाटा घालून घ्यायचा; स्वतःची हाडं खिळखिळी झाली तरी चालतील, गाडी बसता कामा नये. मग खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, आणि पार्शाला, आपल्या गावी, घरी येऊन नारळ-केळी बघायची आणि दर शुक्रवारी म्हापशाचा बाजार गाठायचा असं सुरू झालं. त्यासाठी ही मारुती जुनीच घेतली. नारळांची पोती भरल्यावर तिने पहिल्याच शुक्रवारी मागे बूड टेकलं, आणि धारगळला हमरस्त्यावर कोणी जुना ओळखीचा बघून हसला. झालं. दुसऱ्या दिवशी ट्रकच्या टायरचं रबर कापून दोन्ही स्प्रिंगांत ठोकलं. गाडी ताठ झाली, ती आठ वर्षं ताठच राहिली.

आणि आठ वर्षं चंद्रावती मागे बसली. डाव्या बाजूला, पोत्याला खांदा लावून, बरोबर चाकाच्या वर. पुढची सीट त्याच्या वडिलांची होती. म्हाताऱ्याला बाजाराची भारी हौस, आणि सासरा मागे नि सून पुढे असं कुठल्या घरात चालतं? त्यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. रीतच ती.

त्याने पक्कडीने तार कापून टाकली. सुटत नाही तर नाही. खांबासारखे दोन फणसाचे ओंडके गाडीच्या अंगाखाली पक्के बसवलेले होते — चिऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, चिरा आतून कधी फुटेल सांगता येत नाही — आणि आसाखाली जॅक होता. शॉक-ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट कालपासून डिझेल पाजून ठेवलेला, तरी हटून बसला होता. पान्याला पाइप लावून त्याने जोर केला, आणि जोर करताना त्याला तो तरुण डॉक्टर आठवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागदावर लिहीत लिहीत त्याने विचारलं होतं, या ओझं उचलतात का? धक्के बसतील असा प्रवास वगैरे? गोकुळदास चटकन म्हणाला होता, नाही, तसलं काही नाही. चंद्रावती छताकडे बघत पडून होती. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही... पण मी कुठे खोटं बोललो? मला काय ठाऊक? दुखतं म्हणून एका शब्दाने बोलली असती तर गाडी त्याच दिवशी खोलली नसती का मी? आपल्या माणसाचं वाईट व्हावं असं कोणाला वाटतं? मला ठाऊकच नव्हतं.

बोल्ट करकरला आणि फिरला.

जॅक हळूहळू सोडताना आस खाली आला, स्प्रिंग सैल होऊन हाताशी लागली, आणि मला काय ठाऊक, असं तो आणखी एकदा मनात म्हणतोय तोच त्याला रसबाळीचे घड आठवले. म्हणजे आठवायचे नव्हते, पण आले. वडील जाऊन दोन महिने झाले होते. शुक्रवारची सकाळ. चंद्रावतीने केळ्यांचे घड मागे गोणपाटावर नीट ओळीने ठेवले होते आणि ती पुढच्या दाराच्या कडीला हात घालून उभी होती. नवं लुगडं वगैरे काही नाही, रोजचंच, पण केस जरा निगुतीने बांधलेले... हे तेव्हा दिसलं होतं की आता दिसतंय? आणि तो स्टिअरिंगवर बसल्या बसल्या म्हणाला होता,

"घड फुडे ठेव गो. मागे दणके बसतत, काळे पडतले."

तिने कडीवरचा हात काढला. मागचे घड उचलून एकेक करून पुढच्या सीटवर ठेवले, खाली पंचा घडी करून घातला, आणि स्वतः मागे जाऊन बसली. त्याने वर घडांना पट्टासुद्धा लावला होता. आणि म्हापशापर्यंत तो खुशीत होता, कारण एकही केळं काळं पडलं नव्हतं.

स्प्रिंग हातात धरून तो तसाच गाडीखाली पडून राहिला. लाज वाटली. अशी की कोणी बघत नसतानाही माणूस तोंड लपवायला जागा शोधतो. ठाऊक होतं. केळ्यांपुरतं का होईना, अगदी स्वच्छ ठाऊक होतं. त्यानंतर पुढची सीट केळ्यांचीच झाली, केळी नसतील तेव्हा अंड्यांची, आणि कधी कशाचीच नसली तरी चंद्रावती आपणहून मागचं दार उघडायची. एकदा त्याने म्हटलंही होतं, पुढे बस की. माका मागेच बरां, म्हणाली. आणि त्याने ते खरं मानलं, कारण मानायला सोपं होतं.

दुपारपर्यंत दोन्ही बाजू झाल्या. नव्या स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बसलं की नाही ते त्याने बोट घालून तीन-तीनदा पाहिलं. मुलगी सोनाली रजा काढून घरी होती; ती चहा आणि पदेराकडचे उंडे पाव घेऊन आली, गाडीकडे बघून म्हणाली की मागून बसकी दिसते. दिसू दे, तो म्हणाला. मग हात धुता धुता त्याने चावी तिच्यापुढे धरली आणि सांगितलं की तू चालव, मी मागे बसून बघतो. ती बघतच राहिली, कारण ही गाडी त्याने आजवर कोणाला चालवायला दिली नव्हती, आणि मागच्या सीटवर तर तो जन्मात बसला नव्हता.

तो डाव्या बाजूला बसला. गुडघे पुढच्या सीटला लागत होते. धारगळच्या वाटेला पहिला खड्डा आला आणि गाडी नुसती वाकून उठली. त्याला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले. जमलं. उद्या आपणच तिला आणायचं. मग दुसरा खड्डा, मग मोरीवरचा उंचवटा... तिथे मात्र कमरेत कळ गेली, थोडीशीच, धडधाकट माणसाला जाणवावी एवढी. सावकाश, तो म्हणाला. सोनालीला ऐकू गेलं नाही. काचा उघड्या होत्या, इंजिन वाजत होतं, आणि पुढच्या माणसाची फक्त मान दिसत होती. त्याने परत सांगितलं. तिने कोपऱ्यावर हॉर्न दिला. तिसऱ्यांदा सांगावं असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं, जाऊ दे — आता पोचतोच आहोत... आणि हे 'जाऊ दे' मनात येताक्षणी तो दचकला. कधी बोलली नाही, असं कसं म्हणत होतो मी? किती वेळा बोलली असेल, कुठल्या वळणावर, आणि कुठल्या शुक्रवारी तिने सोडून दिलं असेल? हे आता तिलाही सांगता येणार नाही. विचारायचीही सोय राहिली नाही.

हमरस्त्याच्या कडेला सोनालीने गाडी उभी केली आणि त्याचा फोन वाजला. चंद्रावतीच होती. आवाज पडल्या पडल्या बोलल्यासारखा, बारीक.

"प्रवीण विचारता, गाडी घेवन येव काय म्हणान. काय सांगू तेका?"

सकाळपासून वाक्य तयार होतं. स्प्रिंगा बदलल्या, साध्या घातल्या, एक दणका बसायचा नाही, मीच येतो — सगळं ओठांवर आलं. पण त्या वाक्यात तिला बोलायला कुठे जागाच नव्हती. ते त्याने गिळलं.

"तुका कोणाच्या गाडीन येवचा वाटता, ता तू सांग."

पलीकडून वॉर्डातला पंखा ऐकू येत होता, कोणीतरी खुर्ची ओढत होतं. एवढ्या वेळात एरवी तो, बरां मग, मी येतंय, असं म्हणून मोकळा झाला असता. ती बहुधा प्रवीणचंच नाव घेईल, आणि मग सबंध रस्ता स्कूटरवरून त्या नव्या गाडीची मागची काच बघत यायचं... किंवा तुमीच या म्हणेल, आणि ते मनापासून आहे की सवयीने, हे कळायचं नाही. त्याचीच भीती जास्त वाटली. बाजूने ट्रक धडधडत जात होते. त्याने काच वर केली, फोन कानाशी घट्ट धरला, आणि तो गप्प राहिला.