दोन बोटं सरकवलेला ढीग

मी एक जुनी नळी आहे. थांबा, मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका! पाण्याची नळी नव्हे हो, नकाशांची नळी. बांधकामाचे नकाशे गुंडाळून ठेवायची, खांद्याला अडकवायची, काळी, लांबलचक, डोक्यावर फिरकीचं झाकण असलेली. आता माझं खालचं टोक चेपलेलं आहे आणि पट्टाही तुटलेला आहे. पण माझी गोष्ट ऐकाल ना, तर तोंडात बोट घालाल!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिकचा वास आणि झाकण नीट बसलं का ते बघताना एका बाईने मारलेली टपली, एवढंच मला आठवतं. तिथून मी एका स्टेशनरीच्या दुकानात आले आणि दारामागे सहा महिने उभी राहिले. शाळेची मुलं मला उपसून तलवारबाजी करायची आणि दुकानदार खेकसला की मला टाकून पळायची. मला वाटलं, संपलं! आपला जन्म मार खाण्यातच जाणार.

मग एके दिवशी काकू आल्या. नाव त्यांना असेलच, पण सगळं गाव त्यांना काकूच म्हणायचं, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्यांनी माझं झाकण दोनदा फिरवून पाहिलं आणि विचारलं, "पावसात भिजणार नाही ना?"

"तुम्ही भिजाल काकू, नकाशे नाही भिजणार," दुकानदार म्हणाला.

काकूंचं काम मोठं गमतीचं होतं. कोणाला घर बांधायचं असो, मजला चढवायचा असो, नाहीतर नुसती एक भिंत पाडायची असो, त्याला आधी परवाना लागतो. तो मिळवून देणं हे काकूंचं काम. नकाशे आणि अर्ज घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जायचं, साहेबांनी मारलेल्या शेऱ्यांप्रमाणे ते दुरुस्त करून आणायचे आणि शेवटी शिक्का मारून घ्यायचा. इतरांना जिथे आठ-आठ फेऱ्या पडत, तिथे काकूंचं काम एका फेरीत व्हायचं. कचेरीतला शिपाई लांबूनच मला पाहायचा आणि ओरडायचा, "नळी आली रे, शाई ओली करा!" काय ती ऐट होती माझी! काकू जिना चढताना मी त्यांच्या पाठीवर टकटक वाजायचे आणि मला वाटायचं, शहरातली निम्मी घरं माझ्याच पोटातून बाहेर पडली आहेत.

पण मित्रांनो, पुढे कॉम्प्युटर आला. नकाशे तारेतून जाऊ लागले, कचेरीत जायचं ते फक्त अर्ज आणि शिक्क्यासाठी. काकूंनी मला दारामागे उभं केलं आणि त्यांच्या मिस्टरांनी, शिव शिव, माझ्यात ओल्या छत्र्या खुपसल्या! तीन वर्षं मी छत्र्यांचं पाणी पीत उभी होते. राग तर असा यायचा की झाकण उडवावं. पण झाकणही हरवलेलं.

मग एक नवा नियम निघाला. बांधकामाच्या जागी जो कोणी पाय ठेवील, त्याने सुरक्षेचं दोन दिवसांचं शिक्षण घ्यायचं. त्याचं कार्ड नसेल तर फाइलसुद्धा आत घेणार नाहीत.

"मी काय विटा उचलायला जाते का?" काकू घरभर धुसफुसल्या. "वीस वर्षं परवाने आणतेय, आता मला हेल्मेट घालायला शिकवणार!" पण कार्डाशिवाय गत्यंतर नव्हतं. वर्गाला येताना हातातल्या कामाचा एक छापील नकाशा आणा, असं सांगितलं होतं. काकूंनी छत्र्या काढल्या, मला उलटं करून झटकलं, नकाशा आत सरकवला आणि कपाटामागून माझं झाकण शोधून बसवलं. अहाहा! पोटात पुन्हा कागद! मला तर नाचावंसं वाटलं.

शिकवणारे मास्तर चाळीस वर्षं बांधकामाच्या परांचीवर काम केलेले होते आणि एका पायाने लंगडत होते. सकाळी त्यांनी सगळ्यांना उंचावर कामाचा पट्टा बांधायला शिकवलं, खांद्यावरून, छातीवरून, मांड्यांभोवती, मागे लोंबणारा आकडा. काकूंना त्यांनी जमिनीपासून हातभर वर टांगलं तेव्हा काकू आधी किंचाळल्या आणि मग इतक्या हसल्या की बाकीचे पंधराजणही हसायला लागले. काकूंचा राग कुठच्या कुठे गेला.

मग मास्तर म्हणाले, "आता नकाशे काढा. यात माणसं कुठे आहेत?"

मित्रांनो, मी हजारो नकाशे वाहिले. भिंती होत्या, खांब होते, गटारं होती. माणूस मात्र मी एकाही नकाशात पाहिला नव्हता.

"उद्या काम सुरू झालं की कोण कुठे उभा असेल, तिथे पेन्सिलीने ठिपका द्या," मास्तर म्हणाले. "आणि मग त्या ठिपक्याच्या वर काय आहे, शेजारी काय आहे, ते बघा."

काकूंनी नकाशा पसरला. एका इमारतीच्या गटारासाठी दीड पुरुष खोल चर खणायचा होता. चरात दोन गडी उतरणार होते. काकूंनी दोन ठिपके दिले. मग त्यांची पेन्सिल शेजारी सरकली आणि थांबली. तिथे होता खोदलेल्या मातीचा ढीग. अगदी चराच्या काठावर.

तो ढीग काकूंनीच तिथे आणला होता! आधी तो पदपथावर दाखवला होता. साहेबांनी शेरा मारला, "पायी जाणाऱ्यांना अडचण." माती ट्रकने दुसरीकडे न्यायची तर वेगळी परवानगी, आठ दिवस जाणार. आणि काकूंचं एका फेरीचं नाव जाणार! मग काकूंनी तिथूनच नकाशा काढणाऱ्याला फोनवर सांगितलं, "ढीग दोन बोटं आत सरकवा." ढीग सरकला, शेरा मिटला, शिक्का बसला.

"मास्तर, काठावर एवढी माती ठेवली तर काय होतं?" काकूंचा आवाज बारीक झाला होता.

"काठ खचतो. खाली असलेल्याला हाक मारायलाही वेळ मिळत नाही," मास्तर म्हणाले. "भिंतींना फळ्यांचा आधार दिलाय ना?"

फळ्या परवा यायच्या होत्या. परवाना दोन दिवस आधी मिळाला म्हणून खोदाई आज सकाळीच सुरू झाली होती. काकूंनी कामावरच्या मुकादमाला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. यंत्राच्या घरघरीत त्याला काय ऐकू येणार! काकूंनी मला खांद्याला अडकवलं आणि धूम ठोकली. जागा चार गल्ल्या पलीकडे होती. अंगात तो पट्टा तसाच, मागे आकडा खणखण वाजतोय, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर मी. रस्त्यावरची माणसं बघत राहिली. पंचावन्न वर्षांच्या काकू अशा पळत होत्या की मला माझ्या पट्ट्याची भीती वाटली.

"वर या! दोघंही वर या!" काकू फाटकातूनच ओरडल्या.

मुकादम पुढे आला. "अहो काकू, झालं काय? तुमच्या नकाशाप्रमाणेच चाललंय सगळं. ढीग वीतभरसुद्धा इकडेतिकडे नाही. हा बघा शिक्का!"

"शिक्का साहेबांचा आहे, पण ढीग माझा आहे. चुकीचा आहे. आधी माणसं वर काढ!"

उंच गडी कुरकुरत वर आला. त्याच्यामागून दाढीवाला आला आणि काठावर पोचताच म्हणाला, "फावडं राहिलं खाली. आलोच घेऊन." तो शिडीकडे वळला. काकूंनी मला खांद्यावरून काढून शिडीवर आडवं धरलं.

"काकू, दोन मिनिटांचं काम आहे हो," म्हणून तो हसत वाकला. काकूंनी एका हाताने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. त्या झटापटीत माझा पट्टा तुटला आणि मी सुटले. थेट तळाला, फावड्याच्या शेजारी.

मी वर पाहिलं. समोरच्या, ढिगाच्या बाजूच्या काठावरून आधी चार खडे आले. मग काठच आला!

अंधार. भार. माझं खालचं टोक मुडपलं ते मला ऐकू आलं. मित्रांनो, मी प्लास्टिकची आहे, मला श्वास लागत नाही. पण श्वास लागणाऱ्याचं तिथे काय झालं असतं ते मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी आधी ढीग हटवला, फळ्या मागवल्या, आधार दिला आणि मगच दाढीवाला खाली उतरला. मी सापडले तेव्हा सगळे टाळ्या पिटून हसले. त्याने मला रुमालाने पुसलं आणि चेपलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग त्याने घरी फोन लावला. "आज लवकर येतोय. अगं नाही, काही नाही झालं. काही नाही झालं, म्हणूनच येतोय."

त्याच दुपारी काकू मला तशीच मातीने माखलेली घेऊन कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "मिळालेला परवाना परत देताय? तुमचं एका फेरीचं नाव जाईल काकू."

"जाऊ दे. ढीग मी सरकवला, तसं लिहून घ्या," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण सही ठसठशीत होती. इमारतीच्या मालकाने तणतण केली. नव्या परवान्याला नऊ फेऱ्या पडल्या. नवव्या फेरीला शिक्का बसला तेव्हा शिपाई काहीच ओरडला नाही, त्याने उठून काकूंना खुर्ची दिली.

काकूंना कार्ड मिळालं आणि मी मास्तरांच्या वर्गात राहायला आले. नवे लोक माझ्या चेपलेल्या टोकावर बोट फिरवतात आणि त्यांचं हसू आपोआप थांबतं. मित्रांनो, कागदावर काही सरकवायचं झालं तर खाली कोण उभा आहे ते आधी बघा. आणि कोणी "वर ये" म्हणून ओरडलं तर फावड्यासाठी मागे वळू नका. फावडं नवं मिळतं. नळीही नवी मिळते. मला मातीतून काढलं तेव्हा सगळे हसत होते, कारण त्या मातीखाली मी एकटीच होते.