मशीनचा आवाज

शिरेला चीर पडली, रक्त ओढायला सक्शन चालू झालं आणि माझ्या मशीनचा आवाज बदलला.

टेबलावर एक बस कंडक्टर होता. सकाळी भूल द्यायच्या आधी मला म्हणाला होता, "ताई, पोट फुगवणाऱ्या तुम्हीच ना? बेतानं हं. बायको आधीच नावं ठेवते." त्याच्या किडनीतली गाठ रोबोट काढत होता. म्हणजे मोठे डॉक्टर कोपऱ्यातल्या यंत्रात डोकं घालून बसलेले आणि त्यांच्या बोटांवर रोबोटचे हात आत चाललेले. त्या हातांना जागा हवी, म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ठेवायचा. गॅसच्या मशीनवरचं ते काम माझं, एकोणीस वर्षांपासूनचं.

जुनं मशीन बरं होतं बिचारं. दाब पडला की सगळ्यांना कळायचं. हे नवं अतिशहाणं. सक्शन जास्त वेळ चाललं तर खोलीतली साधी हवा आत घेतं, पण दाब पडू देत नाही. आमचा गॅस रक्तात विरघळतो, हवा नाही विरघळत. उघड्या शिरेतून ती हृदयात गेली की संपलंच. पडद्यावर दाबाचा आकडा अगदी जागेवर होता, आवाज मात्र घरघरत होता.

काल मी असंच एक ऑपरेशन थांबवलं होतं आणि काहीच निघालं नव्हतं. मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, असं मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते. घरी जेवण गेलं नव्हतं मला. आज पुन्हा चुकले तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि गप्प बसले तर?

"सक्शन बंद करा," मी म्हणाले. सहायक डॉक्टरने वर पाहिलं. "आधी बंद करा. हवा आत जातेय."

त्याने सक्शनची नळी काढली. भूल देणाऱ्या बाई त्यांच्या पडद्याकडे वळल्या. पेशंटच्या श्वासातला गॅसचा आकडा उतरायला लागला होता, म्हणजे हवा रक्तात शिरलीच होती. रोबोटच्या हाताने शीर दाबून धरली, बाईंनी टेबल डोक्याकडून खाली केलं. आम्ही सगळे त्या आकड्याकडे डोळे लावून उभे. शेवटी तो परत वर सरकला.

गाठ निघाली, ऑपरेशन नीट पार पडलं. बाहेर कंडक्टरच्या बायकोने मोठ्या डॉक्टरांचे हात धरून आभार मानले. मी शेजारून ट्रॉली ढकलत गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी दुसरा पेशंट होता. मोठे डॉक्टर यंत्राजवळ बसले, पण डोकं आत घातलं नाही.

"ताई, करू सुरू?"

मी सगळ्या नळ्या पाहिल्या. पुन्हा एकदा पाहिल्या. "थांबा जरा," म्हटलं.

ते थांबले.