बंद गल्लीतली मोजणी

ऐका मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मधे कोणी बोलायचं नाही. मी पोलीस ठाण्यातली मोजायची टेप आहे, तीस मीटरची. 'मी एक जुनी टेप आहे' असं रडक्या सुरात सुरू करायची पद्धत असते ना, ते मला जमणार नाही. जुनी आहे, तुटकी तर आहेच, पण बिचारी नाही. आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात मला विणलं, पिवळा रंग दिला, आकडे छापले, गोल डबीत गुंडाळलं आणि ठाण्यात धाडून दिलं. तिथे मी हवालदार मावशींच्या वाट्याला आले. मावशी म्हणजे अख्ख्या ठाण्याच्या मावशी, चोरसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचे. कुठे अपघात झाला की मावशी मला भर रस्त्यात पसरायच्या. ऊन असो, चिखल असो. साहेब म्हणायचे, "मावशींची मोजणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मग मी अशी फुगायचे की डबीत मावायचे नाही!

एकदा जीपच्या दारात माझं टोक सापडलं आणि पहिले दहा सेंटिमीटर गेले. नवी टेप मागायचा अर्ज गेला, तो अजून जातोच आहे. मावशी म्हणाल्या, "राहू दे गं. दहापासून धरायचं, शेवटी दहा वजा करायचे. हाय काय नि नाय काय!" वहीत त्या नेहमी वजा करूनच आकडा लिहायच्या.

आता खरी गोष्ट. आमच्या गावाबाहेर एका परक्या देशाच्या सैन्याची छावणी आहे. दोन सरकारांचा करार आहे म्हणे. त्यांच्या सैनिकानं ड्यूटीवर असताना गुन्हा केला तर खटला त्यांच्या लष्करी कोर्टात, ड्यूटी नसताना केला तर आपल्या कोर्टात. आणि ड्यूटी होती की नव्हती हे सांगणार कोण? त्यांचाच कमांडर! तो दाखला देतो. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आपल्याला पटलं नाही तर पंधरा दिवसांत हरकत घ्यायची, मग दोन्हीकडच्या माणसांची समिती बसते.

एका सकाळी छावणीचा ट्रक एका गल्लीतून भसकन बाहेर आला आणि त्यानं पाववाल्या ताईला उडवलं. ती सायकलवरून घरोघर पाव टाकायची. सायकल एकीकडे, पाव रस्ताभर, आणि ताईच्या गुडघ्याचा चुरा.

मावशींनी मला पसरलं. ब्रेक दाबल्याच्या काळ्या खुणा गल्लीच्या आत, तोंडापासून अठरा मीटर तीस सेंटिमीटरवर सुरू झाल्या होत्या, आणि तिथून सरळ तोंडापर्यंत आल्या होत्या. मोठ्या रस्त्यावर एकही खूण नव्हती. आणि ती गल्ली, मित्रांनो, बंद! शेवटी भिंत, भिंतीला लागून बिलियर्डचा क्लब. बस, संपली गल्ली.

तिसऱ्या दिवशी दाखला आला. 'सैनिक रेल्वेच्या गोदामातून छावणीत सामान नेत होता. ड्यूटीवर होता.'

साहेबांनी हात झटकले. "मावशी, दाखला आलाय. आता आपण काय दिवे लावणार?"

"साहेब, सामान काय भिंतीतून नेत होता?"

"तुम्हाला प्रत्येक ठिकाणी नाक खुपसायलाच हवं का?"

"हो. नोकरीच ती आहे ना माझी."

मावशी हॉस्पिटलात गेल्या. मी त्यांच्या पिशवीतच होते. पाय टांगलेल्या अवस्थेत ताई म्हणाली, "खटला तिकडे गेला तर समुद्रापलीकडे जाईल हो मावशी. काय झालं ते मला पत्रानं कळणार, तेही कोणी लिहिलं तर. त्यानं इथे माझ्यासमोर उभं राहून माझं ऐकावं. एवढंच मागते मी."

मावशींनी त्याच संध्याकाळी हरकत लिहिली.

आणि इथे आमचीच माती झाली. कागदांची स्वच्छ प्रत टाइप केली कारकूनकाकांनी. काका देवमाणूस, निवृत्तीला तीन महिने उरलेले. मी तुटकी आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, घाईत मावशी विसरल्या असतील. म्हणून त्यांनी मायेनं, कोणालाही न विचारता, प्रत्येक आकड्यातून पुन्हा दहा वजा केले! अशी माया करणाऱ्याला काय म्हणायचं?

समितीच्या आदल्या दिवशी छावणीचा वकील ठाण्यात आला. आपली भाषा शिकलेला, आणि ती आमच्या साहेबांपेक्षा शुद्ध! तो गल्लीत स्वतःची स्टीलची टेप घेऊन जाऊन आला होता. "गल्लीतल्या विजेच्या खांबापासून भिंतीपर्यंतचं अंतर तुमच्या कागदात दहा सेंटिमीटर कमी आहे. क्लबच्या दारापासून खांबापर्यंतचंही. उद्या मी तुमची टेप पाहायला मागेन," असं म्हणाला आणि नमस्कार करून गेला.

साहेबांना घाम फुटला. त्यांनी समोरच्या दुकानातून नवी कोरी टेप आणवली. "मावशी, उद्या ही दाखवायची. हिनंच मोजलं, टाइप करताना आकडे चुकले, असं सांगायचं. ती चिंधी टाका कचऱ्यात."

चिंधी! मला!

मावशींनी नवी टेप हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. खरं सांगते, माझा जीव गोळा झाला. ताईसाठी मावशींनी तसं केलं असतं तर मी तरी काय बोलणार होते?

"साहेब," मावशी म्हणाल्या, "हिनं ती गल्ली पाहिलेलीच नाही," आणि ती टेबलावर ठेवून दिली.

"केस हातची गेली तर तुमच्या माथी!"

"माझ्याच माथी."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे वकिलानं मला दोन बोटांत मेलेल्या पालीसारखं उचललं. "सन्माननीय सदस्यहो, या फितीला आरंभच नाही." सगळे हसले. हसा म्हटलं, हसा!

मावशी उभ्या राहिल्या. "बरोबर. दहा सेंटिमीटर तुटलीय, दोन वर्षं झाली. मी दहापासून धरते आणि दहा वजा करते. माझी वही बघा, तिच्यात आकडे बरोबर आहेत."

"वही नंतरही लिहिता येते," वकील म्हणाला.

तेवढ्यात मागची खुर्ची करकरली. कारकूनकाका उभे. "ते दहा... दुसऱ्यांदा मी वजा केले. मावशींनी आधीच केले होते. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "या खोलीची लांबी मोजा."

मावशींनी माझा दहाचा आकडा कोपऱ्याला टेकवला. समोरच्या भिंतीला सात पंचवीस. "सात मीटर पंधरा," त्या म्हणाल्या. मग वकिलानं त्याची चकचकीत टेप लावली. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"सात मीटर पंधरा," त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं.

"आता सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्या गल्लीच्या शेवटी गोदाम आहे की छावणी?"

वकिलानं कागद चाळले. "भिंत आहे."

समितीनं दाखला मानला नाही. खटला इथेच चालला. ताई कुबड्या टेकत आली आणि तासभर बोलली. तो सैनिक समोर उभा होता. आधी मान खाली होती, मग वर केली. ऐकलं त्यानं, सगळं.

काकांना मात्र जाता जाता लेखी ठपका मिळाला. आणि मला लाखेचं सील लावून पुराव्याच्या कपाटात ठेवलंय, आता रस्ता नाही, ऊन नाही. चालेल. पण एक ऐका. तुमच्याकडचं काही तुटलं तर लपवू नका, किती तुटलंय ते नीट मोजा आणि सगळ्यांना सांगून वापरा. हातात राहतं तेवढंही कामाचं असतं.

आणि आता बोला. नवी कोरी टेप समोर आहे, ताई तिकडे पाय टांगून पडलीय, आणि एकच वाक्य खोटं बोलायचंय. तुम्ही मावशींच्या जागी असता तर काय केलं असतं?