लीप सेकंद नको

सुमेधा फुलपाड्यात राहायची आणि मुंबईतल्या एका कंपनीच्या सर्व्हरांची घड्याळं जुळवून ठेवायची. तिचे वडील सुधाकर एका वेधशाळेतून निवृत्त झाले होते आणि वसईजवळ निर्मळला दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहत होते.

पृथ्वी अणुघड्याळाइतकी नेमकी फिरत नाही, म्हणून जगाच्या घड्याळांत अधूनमधून एक सेकंद वाढवतात. हा लीप सेकंद २०३५पर्यंत जवळपास बंद करायचं ठरलं आहे. तो त्याआधीच थांबवावा का, यावर सुमेधाला कंपनीतर्फे मत द्यायचं होतं. ‘थांबवावा’ असं लिहून रविवारी ती वडिलांकडे गेली.

सुधाकरांनी ते सावकाश वाचलं. “म्हणजे घड्याळाने सूर्याला सोडून द्यायचं?”

“बाबा, वसईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजायला आलेले असतात, नाहीतर वाजून गेलेले. कुणाचं अडतं?”

“दुर्बीण लावणाऱ्याचं अडतं.”

“त्यांना घड्याळ आणि पृथ्वीतला फरक वेगळा कळवता येतो. आणि हल्ली पृथ्वी जरा जोरात फिरतेय. उद्या सेकंद वाढवायच्या ऐवजी वगळावा लागला तर? तसं आजवर कोणी केलेलं नाही. आमच्या यंत्रणा कोलमडतील.”

सुधाकरांनी चष्मा काढला. “हे तू आईमुळे लिहिलंयस का?”

शेवटचा लीप सेकंद २०१७ उजाडताना आला होता. त्याने सुमेधाचे सर्व्हर बंद पडले, ती दिवसभर ऑफिसात अडकली आणि संध्याकाळी आई गेली. याबद्दल बापलेकीत कधीच बोलणं झालं नव्हतं.

“थोडंफार,” ती म्हणाली.

“मग ते कारण बाजूला ठेव. उरलेली पुरतात का बघ.”

तिने पानं पुन्हा चाळली. एक तिखट परिच्छेद खोडला. बाकी मजकूर तसाच उभा राहिला.

“पुरतात.”

“मग पाठव. मला पटलेलं नाही, पण पाठव.”

तिने तिथूनच मेल केला. मग त्या दिवशी ऑफिसात काय काय झालं, फोन का उचलला नाही, ते सगळं तिने पहिल्यांदा सांगितलं. सुधाकरांनी मध्येच न टोकता ऐकून घेतलं. “तुझी आई दुपारी शुद्धीवर होती,” ते म्हणाले, आणि ती काय बोलली ते सांगू लागले.