युसेबिओचा दगड

मित्रांनो, मी दगडांची एक जुनी रास आहे. पेरूच्या डोंगरांत, एका खोल दरीच्या काठावर दोन वाटा फुटतात, तिथे माझा मुक्काम. माझा पहिला दगड लामा या लोकरीच्या जनावरांचा कळप राखणाऱ्या एका बाईने ठेवला. मग येणारा-जाणारा भर घालत गेला, कुणी कोकाची पानं वाहिली, आणि मी छातीइतकी उंच झाले.

दिवसभराची वाट माणसं माझ्यापाशीच निवडतात. एक वाट काठाकाठाने जाते. ती सोपी. दुसरी खाली नदीवर उतरते. उतरताना गंमत वाटते, पण चढताना या विरळ हवेत नाकी नऊ येतात. म्हणून गावाची रीत अशी, की नदीवर जाणाऱ्याने माझ्या पायाशी असलेल्या सपाट शिळेवर आपला दगड ठेवायचा आणि परतल्यावर उचलायचा. दिवस मावळताना म्हातारा सातुर्निनो येऊन शिळा बघायचा. दगड उरलेला दिसला की चर्चची घंटा वाजायची आणि सारा गाव कंदील घेऊन दरीत उतरायचा. किती जणांना असं वर आणलं! तेव्हा लोक मला हात लावून पुढे जात. मला फार बरं वाटायचं.

एके दिवशी फोर्तुनाता आली. सोबत धाकटा भाऊ युसेबिओ, बऱ्याच वर्षांनी शहरातून आलेला.

"आज काठानेच जाऊ या. तुला आता इथल्या हवेची सवय राहिली नाही," ती म्हणाली.

"काठाने? मी काय पाहुणा आहे? ताई, म्हातारी झालीस तू!"

"बरं बाबा, तुझंच खरं. पण चढताना धापा टाकल्यास तर पाठीवर घेणार नाही हं!"

दोघांनी दगड ठेवले आणि हसत नदीची वाट धरली.

ऊन उतरल्यावर फोर्तुनाता एकटीच वर आली. खालच्या वळणाकडे वाकून तिने हाक मारली, "येतोस ना रे?"

"तू हो पुढे! सूप गरम कर, आलोच मी!"

तिने आपला दगड उचलला. मग त्याच्या दगडाकडे बघत थबकली. "घंटा वाजली तर गावभर हसं होईल बिचाऱ्याचं," असं पुटपुटली आणि तोही उचलून टाकला.

मला ओरडावंसं वाटलं. पण दगडांना कुठला आवाज!

सातुर्निनो आला, रिकामी शिळा बघून समाधानाने घरी गेला. मागोमाग धुकं चढलं. सूप निवलं तेव्हा फोर्तुनाता धावत आली, घंटा वाजली, कंदील उतरले. पण फार उशीर झाला होता. वळणावर फक्त त्याची टोपी सापडली.

आता सातुर्निनो नाही. लोक मला टेकून फोटो काढतात आणि दगड न ठेवताच उतरतात. पण धुकं चढलं की त्या वाटेने पावलं वर येतात. माणूस दिसत नाही. शिळेवर कुणीतरी चाचपडतं, खूप वेळ चाचपडतं, आणि आपला दगड न सापडल्याने पावलं पुन्हा खाली जातात. मला भीती वाटते, मित्रांनो, आणि त्याहून जास्त कीव येते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माया कितीही असो, दुसऱ्याचा दगड उचलू नका. ज्याचा त्याला उचलू द्या.

फोर्तुनाता आता पार वाकली आहे. तरी रोज संध्याकाळी येते, शिळेवर एक दगड ठेवते आणि म्हणते, "हा घे रे, तुझा. उचल आणि घरी ये." सकाळी ती पुन्हा येते. दगड तिथेच असतो.