खाऱ्या पाण्यातली माझी धडपड

मित्रांनो, मी माशांच्या टाकीतला एक जुना पंप आहे. टाकी खाऱ्या पाण्याची आणि माझं काम एकच, पाणी थांबू द्यायचं नाही. त्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. कारखान्यात पाती बसवली, तेव्हापासून मी गरगरतोच आहे.

मला आणलं ते या घरातल्या मुलानं. तो बोटीवर खलाशी. सुट्टीवर आला की मला उघडून, व्हिनेगरमध्ये बुडवून लख्ख करायचा. "हा आहे म्हणून मासे आहेत," असं म्हणायचा, तेव्हा मला दुप्पट चेव यायचा. या खेपेला मात्र त्याची बोट लांब गेली आणि दोन्ही मासे त्याच्या आईच्या व बायकोच्या हवाली झाले.

आई येता-जाता चिमूटभर खाणं टाकायची. "बिचारे सारखं तोंड उघडतात!" सून शिवणयंत्रावरून उठली की तीही टाकायची. एकीचं दुसरीला ठाऊक नव्हतं. उरलेलं तळाशी कुजू लागलं. आधी वाळूवर तपकिरी धूळ दिसली, मग काचेवर हिरवं शेवाळ आणि शेवटी दगडांवर लालसर, बुळबुळीत थर. तो शेवाळाचा नव्हे, जिवाणूंचा होता. कपडे शिवायला आलेली एक बाई म्हणाली, "अगबाई, मखमलच जणू!" मी मनातल्या मनात चरफडलो. माझ्याही पात्यांत शेवाळ अडकलं होतं. जीव तोडून फिरलो तरी कोपऱ्यातलं पाणी हलेना आणि थर तिथंच जाड होत गेला.

सून तो पुसून पुसून थकली. शेवटी तिनं दुकानातून औषध आणून ओतलं. "पाण्यात हवा खेळती ठेवा," असं दुकानदारानं बजावलं होतं, ते गडबडीत राहून गेलं. थर मेला खरा, पण तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत आला. मासे वर येऊन धापा टाकू लागले.

"भुकेले दिसतात गं," म्हणत आईनं खाण्याची डबी उचलली.

सुनेनं तिचा हात धरला. "आई, नको! गुदमरतायत ते. आणि सकाळीच घातलंय मी."

"तू? अगं, मीही घातलंय की!"

आईनं डबी खाली ठेवली. मग सुनेनं बटण बंद करून मला बाहेर ओढलं, जुन्या ब्रशनं खसाखसा घासलं आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून माझं तोंड वर करून पुन्हा लावलं. आई तांब्यानं टाकीतलंच पाणी उपसून उंचावरून ओतत राहिली. हात भरून आले तरी थांबली नाही. मोठा मासा सावरला. धाकटा नाही सावरला.

मुलाचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, "मीच भरवून भरवून मारला रे त्याला."

तो म्हणाला, "आई, सगळं नीट सांगून जायला हवं होतं मी. दुसरा ठीक आहे ना?"

आता त्या दोघी दर आठवड्याला थोडं पाणी बदलतात, वाळू साफ करतात, मलाही घासतात. खाणं घालायचं ते सुनेनंच. तरी माझ्या जिवाला घोर आहेच. आजच मागच्या दगडाआड एक तांबूस ठिपका दिसला आणि मी तिकडे जोरानं पाणी मारतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरी मासे असतील तर खाणं टाकताना हात आवरा आणि कोपऱ्यातल्या पंपाकडेही अधूनमधून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही. आम्ही फक्त हळू होत जातो.