सुई वळली नाही

इस्त्रीच्या वायरीचं आवरण तिने ब्लेडनं उभं कापलं आणि आतल्या दोन तारा वेगळ्या केल्या. शेजारी शेजारी असल्या की एकीचा चुंबकीय परिणाम दुसरी पुसून टाकते. मग बटण दाबलं, इस्त्री तापू दिली आणि गेलेल्या भावाच्या खिशात सापडलेलं होकायंत्र एका तारेखाली सरकवलं.

सुई जागची हलली नाही.

“वन्सं, काय बघताय?” भावजय दारात उभी होती. “चौकशीचे साहेब आलेत. वीजकंपनी म्हणते, खांबावर चढून यांनी तार न तपासताच हात लावला.”

“तुला काय वाटतं?”

“न तपासता? हे? उन्हात टेस्टरचा दिवा दिसत नाही, म्हणून ही डबी तारेशी धरायचे. मी चिडवायचे, निघालं जहाज! तर म्हणायचे, हसू नकोस, ताईनं शिकवलंय.”

तिने बटण बंद केलं.

शिकवलं होतं खरं. याच टेबलावर, एक सेल आणि तारेचा तुकडा घेऊन. सुई गर्रकन वळली तसा तो खूश झाला होता.

“आणि नाही वळली तर?”

“तर तार मेलेली,” पेपर तपासता तपासता, मान वर न करता ती म्हणाली होती.

सेलचा प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. खांबावरच्या तारेतली वीज सेकंदाला शंभरदा दिशा बदलते, सुईला वळायला फुरसतच देत नाही. तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

बाहेरच्या खोलीत साहेब मांडीवर फाईल घेऊन बसले होते.

“टेस्टर पेटीत होता, फडक्यात गुंडाळलेला. मग तपासलं कशानं?”

“वन्सं, तुम्ही सांगा ना,” भावजय म्हणाली. “तुम्ही विज्ञानाच्या बाई. मला नीट सांगता यायचं नाही.”

होकायंत्र तिच्या मुठीत होतं. काचेची कड तळव्यात रुतत होती.

“लहानपणापासून उतावळाच होता तो,” ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि एक ओळ लिहिली. भावजय तिच्याकडे वळली.

“तुम्ही म्हणताय, म्हणजे तसंच असेल.”

तिने आपल्या जबाबाचा कागद पुढे ओढला. पेन उमटतंय का, हे पाहायला कोपऱ्यात दोन रेघा ओढल्या आणि सही केली.